चार विरुद्ध तीन

४ जानेवारी

प्रिय मावशी,

दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला मी दोन ओळी खरडतो. यंदा अवेळी दोन पानं आलेली पाहून कुणी गेलं की काय, असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. गेली असलीच तर माझी अक्कल.

झालं असं, की आपल्या गावाच्या हॉलला, म्हणजे आपल्या जुन्या चर्चला, येत्या मे महिन्यात हॉल होऊन तीस वर्षं होतात. त्यानिमित्त हॉलच्या समितीने पुस्तिका काढायचं ठरवलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. त्या बैठकीला मी हजर नव्हतो, एवढीच माझी पात्रता. आयुष्यभर मी भूगोल शिकवला. पण लोकांच्या लेखी मास्तर तो मास्तर.

उत्साहाने कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात दाराजवळचा एक कोरीव दगड सापडला. घासून, धुऊन, भिंग लावून त्यावरची तारीख उतरवून घेतली आणि समितीपुढे मोठ्या दिमाखात मांडली. बेकरीवाल्याची सून म्हणाली, “मास्तर, ते गटाराचं झाकण आहे.” तेव्हापासून मी साधनं तपासून घेतो.

आत गेलं की अजून कळतं, हे चर्च होतं. बाक जिथे रोवलेले होते तिथे जमिनीला चौकोनी ठिगळं आहेत. वेदीच्या जागी स्टेज. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडात लोक ओल्या छत्र्या ठेवतात. वरच्या तुळईवर बॅडमिंटनची शटलं अडकली आहेत. एक बाक न्हाव्याच्या दुकानात गेला. नंबर लागेपर्यंत मी त्यावर बसतो आणि का कोण जाणे, पाठ ताठ होते.

पण मधलं पान कोरं आहे. चर्चचा हॉल झाला कसा? कागदांत एकच ओळ सापडली: “सभासदांच्या मतदानाने, चार विरुद्ध तीन, इमारत गावाला देण्यात आली.” त्या वर्षी मी नोकरीसाठी बाहेरगावी होतो. परत आलो तेव्हा चर्च नव्हतं आणि मागच्या गल्लीतलं तुझं घरही रिकामं होतं. तू आणि आई बोलत नाही, एवढं कळलं. का, ते विचारलं की आई म्हणते, “मला आठवत नाही.” जिला माझे चौथीतले गणिताचे गुण आठवतात, तिला हे आठवत नाही!

सात मतदारांपैकी तिघं हयात आहेत. आई सांगत नाही, शिंपीकाकांना ऐकू येत नाही. राहिलीस तू.

तुझा भाचा


१९ जानेवारी

चि. बखरकार,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा चष्मा सापडत नव्हता.

साक्षीला बोलावतोस, पण साक्षीदाराची पत आधी ऐक. चर्चमध्ये पेटी मी वाजवायचे. तिचे तीन सूर आधीच गेले होते, बाकीचे माझ्यामुळे गेले. गाणं संपल्यावरही मी वाजवत असे. नवख्यांना वाटे, भक्तीत रमल्या आहेत. मी मागे राहिलेली असायचे, दुसरं काय.

आता इतिहास. चर्च गिरणीवाल्यांनी बांधलं, बाहेरून कामाला आलेल्या माणसांसाठी. माझ्या लहानपणी रविवारी बाक पुरत नसत, आम्ही मुली जिन्यावर बसायचो. मग गिरणी बंद पडली आणि माणसं पोटामागे पांगली. शेवटी सात उरलो: ताई, मी, शिंपी, बेकरीवाला, नर्सबाई, पोस्टमास्तर आणि शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई. उपासना चालवायला पाळक महिन्यातून एकदा यायचे, तेही बस मिळाली तर. छत गळायचं. बादल्या मांडायची ताई, जमीन पुसायची ताई, वटवाघळं हाकलायची ताई. आम्ही बाकीचे देवावर विश्वास ठेवायचो.

मग शहरातून मुख्य मंडळीचं, म्हणजे आमच्या वरच्या चर्चचं, पत्र आलं. छत दुरुस्त करून चर्च चालवा, नाहीतर इमारत गावाला द्या. मत घेऊन कळवा. मी म्हटलं, देऊन टाकू. गावात लसीकरण झाडाखाली व्हायचं, मुलींना शिवण शिकायला जागा नव्हती, आणि आम्ही सात जण एवढी मोठी इमारत अडवून महिन्यातून एकदा बेसूर गाणार! दोन महिने घरोघर हेच सांगत फिरले. ताई म्हणायची, माझा जीव आहे तोवर चर्च राहील. कडाक्याची भांडलो. पण भांडायचो म्हणजे बोलायचोच की.

मतदान झालं. चार विरुद्ध तीन, द्यायच्या बाजूने. ताई माझ्याकडे न बघता निघून गेली. नंतर मी तिच्या दारात तीनदा गेले. पुढचं दार उघडं असायचं आणि ती मागच्या दाराने गेलेली असायची. गावाने मला “चर्चबुडवी” नाव ठेवलं. कधी चर्चची पायरी न चढलेले त्यात सगळ्यांत पुढे. जूनमध्ये मुलीच्या शाळेचं निमित्त सांगून मी गाव सोडलं.

एवढं लिही. ताईचा दोष नव्हता, हेही लिही. ते तिचं दुसरं घर होतं आणि ते मी काढून घेतलं.

मावशी


६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कच्चा खर्डा तयार आहे, सोबत पाठवतो आहे. तुझ्यासाठी “दूरदृष्टी” हा शब्द चार वेळा वापरला आहे, आणखी एखादा सुचव. तुझं म्हणणं समितीला वाचून दाखवलं. सगळे इतके भारावले, की मेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी तू, असा ठराव झाला. शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, “त्यांच्यामुळे आम्ही आहोत.” मी मान तुकवली, जणू मतदान मीच केलं होतं.

या खेपेला साधनंही तपासली बरं का. बेकरीवाल्याची सून, नर्सबाईंचा भाऊ, पोस्टमास्तरांची मुलगी, तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघंही सांगतात, आमच्या माणसाने द्यायच्या बाजूने मत दिलं आणि मरेपर्यंत ते अभिमानाने सांगितलं. म्हणजे ते तीन आणि चौथी तू. विरोधात आई, शिंपीकाका आणि मोठ्या बाई. चार आणि तीन सात. माझा इतिहास आणि गणित दोन्ही एकाच दिवशी बरोबर आलं. असा योग पुन्हा येणे नाही, म्हणून स्वतःला दोन कप चहा करून पाजला.

आईला प्रमुख पाहुणीचं अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतो आहे, म्हणजे घाबरतो आहे.

तुझा भाचा


१५ फेब्रुवारी

चि. बखरकार,

चहा ओकून टाक. गणित चुकलं आहे.

तुला वाटेल, म्हातारीला भ्रम झाला. पण दूरदृष्टी चार वेळा वाचल्यावर मला जेवण जाईना, म्हणून सांगते. मी द्यायच्या बाजूने मत दिलं नाही.

दोन महिने बडबड केली, हे खरं. पण त्या रविवारी ताई माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. सकाळी येऊन तिने सगळी जमीन पुसली होती, अजून ओली होती. तिच्या पदराची कडा भिजलेली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या हातात चिठ्ठी होती, “ठेवा” किंवा “द्या” एवढंच लिहायचं. माझ्या हाताने “ठेवा” लिहिलं. बाहेर येऊन कुणाला सांगणार? सगळ्या गावाला पटवलं आणि स्वतःलाच पटवायचं राहिलं. अशी पुढारी गावाला मिळाली.

म्हणून निकाल ऐकल्यावर मी चक्रावले. माझं मत “ठेवा”कडे गेलं तर चौथं “द्या” कुणाचं? तीस वर्षं मी शिंपीकाकांवर संशय घेतला. हॉल झाल्यावर महिन्याभरात स्टेजचा पडदा त्यांनीच शिवला ना! त्यांची बायको गेली तेव्हा मी दोन ओळीही पाठवल्या नाहीत. मनात म्हटलं, फितुराला कसलं सांत्वन.

प्रमुख पाहुणी वगैरे रद्द कर. आणि ताईला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

मावशी


२ मार्च

प्रिय मावशी,

ताईला कळलं.

मी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण सांगायचं नाही अशा रीतीने. काल सकाळी आई भाजी निवडत होती. मी सहज सुरात विचारलं, “आई, शिंपीकाकांनी ऐन वेळी मत फिरवलं असेल का गं?” माझा सहज सूर तुला माहीत नाही, वर्गात मी तो लावला की मुलं पाटीमागे लपायची. आई म्हणाली, “त्यांचं नाव का घेतोस?” मी म्हटलं, “कारण मावशीने तर...” आणि थांबलो. फार उशिरा थांबलो.

आईने सुरी खाली ठेवली. “तिने तुला सांगितलं, तिने काय लिहिलं ते?” मी मान डोलावली. ती उठून खोलीत गेली, दार लावलं. तासाभराने दार उघडून म्हणाली, “कागद दे. रेघांचा.” संध्याकाळपर्यंत लिहीत होती. सोबतचं पाकीट तिचं आहे. मी उघडलेलं नाही, उजेडातही धरलेलं नाही. एकदा धरलं होतं, पण काही दिसलं नाही.

तुझा नालायक भाचा


१ मार्च

धाकटे,

मला लिहायची सवय नाही, सामानाची यादी लिहिते तेवढीच. चुकलं तर सांभाळून घे.

शिंपीकाकांना दोष देऊ नकोस. त्यांनी “ठेवा” लिहिलं होतं. मोठ्या बाईंनीही, मीही. आणि तूही. तुझं अक्षर मला कळणार नाही होय? तुला “ठ” काढायला मीच शिकवलं, आणि तुझा तो कायम आडवा पडायचा.

चार “ठेवा” होते आणि तीन “द्या”. आम्ही जिंकलो होतो.

पाळकांची बस चुकली म्हणून चिठ्ठ्या मोजायचं माझ्याकडे आलं, तुला आठवत असेल. मी त्या हातात घेऊन वेदीजवळ उभी होते. तेव्हा देवाचा विचार मनात यायला हवा होता. मनात आलं ते असं, की आता उद्या परत झाडायचं. परवा परत. बादल्या, खिडक्या, वटवाघळं. आणि माझा जीव आहे तोवर, असं मीच गावभर बोलून बसलेली. जिंकले आणि जिंकल्याबरोबर कंबर दुखायला लागली.

मी उलटं वाचलं. चार द्या, तीन ठेवा. कुणी म्हणालं नाही, दाखवा बघू. विरोधातली बाई स्वतःच हरलो म्हणते, तिच्यावर कोण शंका घेणार?

मला वाटलं, तू तरी उठून म्हणशील, ताई, परत मोज. तू मान खाली घातलीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं. एवढं सगळं बोलून झाल्यावर, मी विरोधात मत दिलं, असं तुला चारचौघांत म्हणता येणार नव्हतं. माझ्यासाठी तू मत फिरवलंस आणि मी तुला त्यातच अडकवलं.

गाव तुला चर्चबुडवी म्हणालं आणि मला बिचारी. माझं सांत्वन करायला लोक घरी यायचे. मी ते करून घेतलं. तू दारात आलीस की मी मागच्या दाराने जायचे ती रागाने नाही. तुझ्या तोंडावर खोटं बोलता आलं नसतं आणि खरं बोलायची छाती नव्हती. असं एक वर्ष गेलं, मग दहा. इतक्या उशिरा कसं सांगू, याची लाज वाटायला लागली, म्हणून आणखी उशीर केला.

चिठ्ठ्या मी त्याच दुपारी चुलीत घातल्या. तेव्हा पुरावा काही नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि त्याची किंमत काय ते तू आता पाहिलंसच.

ताई


३० मार्च

प्रिय मावशी,

चार आठवडे झाले. पोस्टमन यायच्या वेळी आई दारात जाऊन उभी राहते. मी पाहिलं की म्हणते, “ऊन किती पडलंय ते बघत होते.” काल ढग होते, तरी ऊन बघत होती.

तिने मला सगळं सांगितलं. पुस्तिका छापखान्यात गेलेली आहे. त्यात आम्हा सगळ्यांची अब्रू, चार वेळा दूरदृष्टी आणि ती चार विरुद्ध तीनची ओळ. मी आयुष्यात लिहिलेलं एकमेव पुस्तक आणि ते मुळापासून खोटं. पण त्याचं काही नाही. तू रागावली असशील तर रागाचं पत्र पाठव. तिला तेही चालेल. काहीच न येणं तिला सहन होत नाही. तेच तिने तुला तीस वर्षं सहन करायला लावलं, हे मला कळतं. तिलाही कळतं.

तुझा भाचा


११ एप्रिल

ताई,

हे पाचवं पत्र. आधीची चार फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या, त्यातल्या दोन तुझ्याकडूनच शिकलेल्या. दुसऱ्यात तुला क्षमा केली होती. ते वाचून माझाच मला राग आला, इतकी मी त्यात थोर झाले होते. पुढच्या दोन्हींत मी काय लिहीत होते ते मलाच कळेना.

तेव्हा साधं लिहिते. माझा नवरा गेला तेव्हा तू आली नाहीस. लोक भेटायला येत होते आणि मी प्रत्येकाच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. ते मला विसरता येत नाही, आणि विसरले असं मी लिहिणार नाही.

पण तुझं कंबर दुखण्याचं वाचलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मी पेटी मिटून घरी जायचे. तू मागे राहून बाक पुसायचीस. वीस वर्षं, दर रविवारी. मला वाटायचं, ताईला ते आवडतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर फडकं हातात घ्यावं लागलं असतं. आम्ही सहा जण मिळून “ठेवा” म्हणत होतो की “द्या” म्हणत होतो, ते राहू दे. “आज मी पुसते” असं एकदाही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर तुझी बहीण.

कार्यक्रमाला मी येणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी दोन महिने जिना बंद केलाय. पण माझं एक काम कर. शिंपीकाकांची माझ्या वतीने माफी माग. त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्याने माग. आजूबाजूच्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे.

धाकटी


२० मे

प्रिय मावशी,

कार्यक्रम झाला. तू नव्हतीस, म्हणून जसं घडलं तसं लिहितो. तपासून लिहितो.

इतिहास मी चाळीस मिनिटं वाचला. गिरणी बंद पडेपर्यंत समितीचे अध्यक्ष झोपी गेले होते. चार विरुद्ध तीनच्या ओळीपाशी आलो आणि आई उठली. मला वाटलं, पाणी प्यायला जाते आहे. ती पहिल्या रांगेत शिंपीकाकांसमोर जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, “धाकटीने तुमची माफी मागितली आहे! तिला वाटायचं, तुम्ही मत फिरवलंत! तुम्ही फिरवलं नव्हतं! मी खोटं मोजलं!”

तुला माहीत आहे, त्या हॉलमध्ये आवाज कसा घुमतो. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. मी स्टेजवर हातात कागद घेऊन उभा, जणू पुढच्या ओळीत याचा खुलासा आहे. शेवटी व्यायामवर्गाच्या एका बाईंनी विचारलं, “म्हणजे आता आम्हाला जागा सोडावी लागणार?”

शिंपीकाकांनी कानामागचा हात खाली घेतला. मग बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “मला माहीत होतं. मी पहिल्याच बाकावर होतो. चिठ्ठ्या दिसत होत्या.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?” आई पुन्हा त्यांच्या कानाशी ओरडली.

“छत शाकारायला मलाच चढवलं असतं,” ते म्हणाले. “सातांत शिडी माझ्या एकट्याकडे होती.”

सगळा हॉल हसला. अध्यक्ष दचकून जागे झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. आई हसली नाही. ती स्टेजच्या कडेला बसली आणि रडायला लागली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काय करायचं ते मला समजेना आणि मी तिच्या हातात पुस्तिका दिली. शिंपीकाका काठी टेकत आले आणि तिच्याजवळ बसले. म्हणाले, “बाई, मीही तीस वर्षं इथे पडदे शिवले आणि गप्प बसलो. तुम्ही एकट्या नव्हता.” मग शिवणवर्गाच्या बाया आल्या. कुणी तिला “बिचारी” म्हणालं नाही, हे मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं.

दोनशे प्रती माझ्या टेबलावर आहेत. प्रत्येकीत त्या ओळीखाली पेनाने दुरुस्ती लिहितो आहे. एकोणसत्तर झाल्या. दूरदृष्टी चारही ठिकाणी ठेवली आहे. मालक कोण, ते तुम्ही दोघी आपसांत ठरवा.

आता मुख्य बातमी. आई गुरुवारच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे. “तिचा जिना बंद आहे, माझा नाही,” म्हणाली. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. तू मध्ये बोलतोस, म्हणे. बॅग कालच भरून दाराशी ठेवली आहे. पण आज सकाळी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, “तिने मला ओळखलं नाही तर? तीस वर्षांत माझं काय झालंय बघ.”

मी म्हटलं, “तू दारातून नुसती हाक मार.”

गाडी अकरा वाजता पोचते.

तुझा भाचा